बाईकवर कॅमेरा न्यायचाय? आधी बॅग कानाशी धरून हलवा

जून लागला की कोणी ना कोणी मित्र विचारतोच, नवीन कॅमेरा घेतलाय, गाडीवर आंबोलीला जायचंय, बॅगेला रेनकव्हर कुठलं घेऊ? पावसाची भीती सगळ्यांनाच असते कारण पाऊस दिसतो. गाडीची खडखड दिसत नाही, ती पाच तास गुपचूप आपलं काम करत राहते आणि कळतं ते घरी आल्यावर, जेव्हा लेन्स हातात घेतली की आतून काहीतरी सैल लागतं. माझी पहिली किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळते ती) अशीच गेली, पुणे-दापोली, ताम्हिणीतून, मागच्या सीटला बांधलेल्या बॅगेत. पाण्याचा थेंब लागला नव्हता. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं तर माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या रिंगचे स्क्रू ढिले झालेले. मला म्हणाला, साहेब बुलेटवर नेता का? बुलेट नव्हती पण तशीच थरथरणारी सिंगल सिलिंडर होती, अंदाज बरोबर होता त्याचा.

तर हे नवीन लोकांसाठी लिहितोय. ज्यांच्याकडे एक बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), दोन-तीन लेन्स आणि १५० ते ४०० सीसीमधली कुठलीही गाडी आहे त्यांच्यासाठी. महागडे पॅनिअर (गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पेट्या) आणि परदेशी केसेस असलेल्यांना याची गरज नाही, त्यांनी चहा घ्यावा.

१. आधी सामान कमी करा

कुठे चाललोय आणि कशाचे फोटो काढणार हे ठरलं की अर्धी बॅग आपोआप रिकामी होते. आंबोलीला पावसात जाताय म्हणजे बेडूक, साप, बुरशी, रात्रीचं काम, म्हणजे मॅक्रो लेन्स (बारीक गोष्टी जवळून काढायची), फ्लॅश, डोक्याला लावायचा टॉर्च आणि धबधब्यासाठी एखादी वाइड (रुंद दृश्य घेणारी). तिथे १५०-६०० एमएमची लांबचं टिपणारी झूम नेऊन काय करणार, धुक्यात समोरचं झाड दिसत नाही. भिगवणचं उलटं. तिथे कुंभारगावातून होडीत बसून उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो काढायचे, म्हणजे मोठी झूम पाहिजेच आणि बाकी काही नसलं तरी चालतं. कासला सप्टेंबरात वाइड आणि मॅक्रो, संपलं. "असू दे, लागली तर" म्हणून घेतलेली लेन्स मी दहातल्या नऊ वेळा न उघडता परत आणलीये आणि तिने मात्र सगळे खड्डे खाल्लेत.

त्या १५०-६०० टाइपच्या लेन्सचं वजन दोन किलोच्या आसपास असतं. बाईकवर दोन किलो म्हणजे दोन किलो नसतात, स्पीडब्रेकरवर ते वजन हातोड्यासारखं काम करतं हे डोक्यात ठेवा.

२. ठेवायचं कुठे

एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून प्रवास केलाय ना? पुढचे लोक झोपलेले असतात आणि आपण प्रत्येक खड्ड्याला छताकडे जाऊन येतो. कारण ती सीट मागच्या चाकाच्याही मागे असते. बाईकचा टॉपबॉक्स नेमका त्याच जागी असतो. वर तो लोखंडी कॅरिअरला नटबोल्टने घट्ट बसवलेला, म्हणजे इंजिनची थरथर पण सरळ आत. त्यामुळे टॉपबॉक्स कितीही मजबूत दिसला, कुलूप असलं, पाणी शिरत नसलं तरी कॅमेऱ्यासाठी ती गाडीवरची जवळजवळ सगळ्यात वाईट जागा आहे. त्यात कपडे, रेनसूट, पंक्चर किट ठेवा. कॅमेरा ठेवायचाच असेल तर खाली आणि चारी बाजूंनी जाड फोम भरल्याशिवाय नको, आणि बॉक्सवर किती किलोची मर्यादा लिहिलीये ते एकदा वाचा, कोणी वाचत नाही.

टँकबॅग चांगली. ती दोन चाकांच्या मध्ये येते, एसटीच्या मधल्या सीटसारखी, आणि डोळ्यासमोर राहते. पण घेण्याआधी तुमच्या गाडीची टाकी लोखंडी आहे का बघा. हल्ली बऱ्याच गाड्यांना वरून प्लास्टिकचं कव्हर असतं, त्यावर चुंबकवाली बॅग बसतच नाही, पट्ट्यांचीच लागते. बॅग लावून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, हॉर्नचं बटण दाबलं जात नाही ना, क्लच केबल अडकत नाही ना. आणि पेट्रोल पंपावर दर वेळी ती काढावी लागते तेव्हा मागचा रिक्षावाला काय म्हणतो ते ऐकायची तयारी ठेवा.

पाठीवरची सॅक हा माझा पहिला पर्याय. आपलं शरीरच शॉकअब्सॉर्बर आहे, खड्डा आला की आपण नकळत गुडघे आणि कंबर सैल सोडतो, तो धक्का बॅगेपर्यंत जाताना निम्मा झालेला असतो. अट एवढीच की वजन चार किलोच्या वर नको आणि बॅगेला छातीचा आणि कमरेचा पट्टा पाहिजे. पाच-सहा तास चालवायची असेल तर खांदे बोलायला लागतात आणि खांदे दुखणारा माणूस गाडी वाईट चालवतो, त्यामुळे लांबच्या पल्ल्याला मी बॉडी आणि एक लेन्स पाठीवर, बाकी टँकबॅगमध्ये, असं वाटून टाकतो.

सॅकमध्ये एक गोष्ट कधीच नको, ट्रायपॉड. पाठीच्या मणक्याला समांतर एक धातूचा दांडा बांधून आपण गाडी चालवतोय, पडलो तर काय होईल याचा विचार करा. मोनोपॉडचं पण तेच. ट्रायपॉड मागच्या सीटवर आडवा, कपड्यांच्या बॅगेच्या वर, आणि टोकं हँडलच्या रुंदीच्या बाहेर जाता कामा नयेत. गळ्यात कॅमेरा लटकवून चालवणारे पण बघितलेत मी, दिवे घाटात वारीच्या दिवसांत तर हमखास दिसतात. कच्चकन ब्रेक लागला की कॅमेरा टाकीवर आणि आपण कॅमेऱ्यावर. टाकीला पोचा, बरगडीला मार आणि कॅमेऱ्याचं तर विचारूच नका.

मागे कोणी बसणार असेल तर सगळ्यात सोपं, बॅग दोघांच्या मध्ये, मागच्याच्या मांडीत. बायको असेल तर आधी विचारा. बॅग मागच्याच्या पाठीवर मात्र देऊ नका, गिअर टाकून पिकअप घेतला की बॅग त्याला मागे ओढते आणि मग तो तुम्हाला.

स्कूटरवाल्यांसाठी दोन ओळी. फूटबोर्डवर बॅग ठेवायची सवय असते आपल्याला, भाजीची पिशवी ठेवतो तशी, पण तिथे खालून थरथर, पुढच्या चाकाचं पाणी आणि पाय सरकला की बॅग रस्त्यावर. सीटखालची डिकी सुरक्षित वाटते पण खाली इंजिन असतं, तासाभराने हात घालून बघा किती तापलीये. बॅटऱ्या तर तिथे नकोच. स्कूटरवर पण पाठच बरी.

३. पॅकिंग, इथे वेळ घाला

बॉडीला लेन्स लावून ठेवायची सवय प्रवासात मोडा. लावलेली लेन्स म्हणजे तरफ झाली, जेवढी लांब तेवढा माउंटवर ताण जास्त, आणि प्रत्येक खड्ड्याला तो ताण येणार. लेन्स वेगळी, पुढचं मागचं दोन्ही झाकण, बॉडीला बॉडी कॅप. फक्त छोटी ५० एमएम किंवा पॅनकेक (चपटी लेन्स) असेल तर लावलेली चालते. झूमला लॉकचं बटण असेल तर ते लावा, नायतर लेन्स प्रवासभर आतबाहेर सरकत राहते. हुड (लेन्सच्या तोंडावरची कड) उलटा करून लावून ठेवा, फुकटचं बंपर आहे ते.

मग फोम. तयार कॅमेरा इन्सर्ट मिळतात, चांगले असतात, पण जुनी योगा मॅट असेल घरात कोणी न वापरलेली (असतेच) तर ती कापून तेच काम होतं. सहा मिलीमीटरची मॅट, तळाला दोन थर, बाजूंना एक एक. प्रत्येक वस्तूला तिचा खण हवा आणि खणात ती हलता कामा नये. उरलेल्या फटीत मोजे, टीशर्ट, मायक्रोफायबरचा रुमाल, काहीही मऊ कोंबा. धातूला धातू आणि काचेला धातू लागू नये. चार्जर, पक्कड, साखळीचं तेल असल्या वस्तू या बॅगेत अजिबात नकोत. जड वस्तू पाठीच्या बाजूला आणि मध्यभागी, हलकी बाहेर. वर सगळ्यात जड ठेवलं तर वळणावर बॅग आपल्याला ओढते.

बॅटऱ्यांना त्यांची प्लास्टिकची टोपणं लावा, ती आपण पहिल्या दिवशी हरवतो. टोपण नसेल तर छोट्या झिपलॉकमध्ये एकेक, सुट्ट्या नाण्यांबरोबर किंवा चाव्यांबरोबर तर नकोच, शॉर्ट होऊ शकते. मेमरी कार्डांवर टँकबॅगच्या चुंबकाचा काही परिणाम होत नाही, बिनधास्त ठेवा. पण बॅकअपला जी फिरती चकती असलेली पोर्टेबल हार्डडिस्क नेता ती तेवढी सांभाळा, तिला चुंबकापेक्षा धक्क्याची भीती आहे. एसएसडी घेतलेली बरी, तिच्यात फिरणारं काहीच नसतं.

आता मथळ्यातली गोष्ट. बॅग बंद केली, पट्टे आवळले, की दोन्ही हातांनी उचलून कानाशी धरा आणि हलवा. आवाज आला नाही पाहिजे. खट्ट, टक्क, खळखळ, काहीही आलं तर उघडा आणि तो आवाज शोधा. घरात जो आवाज दोनदा आला तो रस्त्यावर दहा हजार वेळा येणार आहे आणि तिथे हेल्मेटमध्ये तुम्हाला तो ऐकू येणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो हलू नये म्हणूनची सोय) असलेल्या काही लेन्स आणि बऱ्याच मिररलेस बॉड्या बंद असताना मुळातच आतून टिकटिक करतात कारण आतला भाग सैल असतो. हा आवाज आधी नुसती बॉडी हलवून ओळखून ठेवा म्हणजे उगाच घाबरायला नको. पण असा कॅमेरा असेल तर फोमची काळजी दुप्पट, कारण आत काहीतरी खरंच तरंगतंय.

याच कारणाने मोबाईल हँडलला लावून मॅप बघत जाणाऱ्यांना सांगतो, ॲपलने स्वतः सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलं होतं की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकल इंजिनाच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. दुसऱ्या कंपनीच्या फोनातही असेच हलणारे भाग असतात. लावायचाच तर थरथर शोषणारा माउंट घ्या, नायतर जुना फोन लावा. मी इअरफोनचा एक कान लावून दिशा ऐकत जातो, फोन खिशात.

४. पाणी

रेनकव्हरची गोष्ट. माझ्या बॅगेला कंपनीचं छान पिवळं रेनकव्हर होतं, आंबा घाटात तासभर पावसात चालवलं, पोचलो, कव्हर काढलं तर तळाशी अर्धा तांब्या पाणी. झालं असं की कव्हर पाठीकडून उघडं असतं, पाणी मानेवरून पाठीवर, पाठीवरून बॅगेच्या मागून खाली, आणि खाली कव्हरची झोळी, तिला भोक नाही. बॅगेचा तळ त्या झोळीत बसून. फ्लॅश गेला. शिवाय ८० च्या वर वेग गेला की कव्हर फुग्यासारखं फुगतं आणि एखादं उडूनही जातं.

त्यामुळे पाणी अडवायचं ते बॅगेच्या आतून. ड्रायबॅग मिळते, तोंड गुंडाळून बंद करायची, किमान तीन घड्या घालायच्या. नसेल तर जाड काळी कचऱ्याची पिशवी, एकात एक दोन, कॅमेऱ्याचा इन्सर्ट त्यात टाकून तोंड पिळून, दुमडून रबरबँड. दहा रुपयांत काम. बाहेरून रेनकव्हर पण लावा, ते चिखलापासून वाचवतं, फक्त तळाला एक छोटं भोक पाडून ठेवा. आणि कॅमेरा वेदरसील्ड (पाणी-धूळ अडवणारा) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ट्रकच्या मागच्या चाकाचं पाणी ८० च्या वेगाने अंगावर येतं ते पावसासारखं वरून पडत नाही.

सिलिका जेलच्या पुड्या आत टाका. निळे दाणे असतात ते ओल पिऊन गुलाबी होतात, भगवे असतील तर हिरवे. रंग बदललेली पुडी म्हणजे नुसतं वजन.

५. बांधणं

मागच्या सीटला जे काही बांधाल ते बकलच्या पट्ट्यांनी बांधा, आणि त्यावर हवी तर जाळी. नुसत्या हुकवाल्या रबरी दोऱ्यांवर कॅमेरा सोडू नका, त्या ताणल्या जातात म्हणजे खड्ड्यात बॅग उडणार आणि परत आपटणार, शिवाय तो हुक सुटून डोळ्याला लागलेली माणसं असतात, बांधताना तोंड बाजूला ठेवा. पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून टेप मारा. एक टोक चेनमध्ये किंवा चाकात गेलं की कॅमेऱ्याचा प्रश्नच उरत नाही, तुमचा असतो. सायलेन्सरपासून वीतभर लांब. साइडबॅगा असतील तर दोन्हीकडे सारखं वजन.

६. तांदळाची ट्रायल

पहिल्यांदाच चालला असाल तर निघायच्या आठवडाभर आधी कॅमेऱ्याऐवजी तेवढ्याच वजनाचं काहीतरी, एक-दोन किलोच्या तांदळाच्या पिशव्या किंवा पाण्याच्या बाटल्या, तश्याच फोमात तश्याच बांधून वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या. मुद्दाम वाईट रस्त्याने. पुण्यात शोधावा लागत नाही. परत आल्यावर बघा काय सरकलं, कुठला पट्टा ढिला झाला, खांदा कुठे घासला. तांदूळ सांडले तर भात कमी होईल, एवढंच.

७. चालवताना

टायरमधली हवा वजनाप्रमाणे ठेवा. जास्त भरलेली हवा म्हणजे प्रत्येक खडा वर कळणार. मागच्या शॉकअब्सॉर्बरला कडक-मऊ करायच्या पायऱ्या असतात, सामान जास्त असेल तर एक-दोन वर करून घ्या नायतर खड्ड्यात तो तळाला टेकतो आणि तो टेकलेला धक्का सगळ्यात वाईट.

हायवेचं एवढं काही नसतं. आंबोलीला जाताना पुणे-कोल्हापूर हे निम्म्याहून जास्त अंतर पण कॅमेऱ्याला त्रास शून्याच्या जवळ. खरी परीक्षा पुढे, गावागावातले पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर. शाळा, देऊळ, ग्रामपंचायतीची कमान दिसली की वेग कमी करायचाच, स्पीडब्रेकर असतोच असतो, दिसो न दिसो. आणि स्पीडब्रेकरवर बसून राहू नका, फूटरेस्टवर थोडं उभं राहा, गुडघे सैल, ढुंगण सीटवरून दोन इंच वर. बॅग पाठीवर असली की तुमचे पायच सस्पेन्शन होतात. ही एक सवय लावलीत तर बाकी फोमबिम थोडं कमी पडलं तरी चालून जातं.

तासाभराने थांबा. चहा घ्या आणि सगळ्या पट्ट्यांना हात लावून बघा, पहिल्या तासात ते हमखास ढिले होतात. ढाब्यावर कॅमेऱ्याची बॅग गाडीवर सोडून आत जायचं नाही, अगदी मिसळ समोर दिसत असली तरी. टॉपबॉक्सचं कुलूप साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतं. घरून निघायच्या आधी बॉडी आणि लेन्सचे सिरीयल नंबर आणि बिलाचा फोटो काढून मेलवर टाकून ठेवा, चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर पोलीस तेच मागतात. गाडीच्या इन्शुरन्समध्ये गाडीवरचा कॅमेरा येतो असा बऱ्याच जणांचा समज असतो, कॅमेऱ्याचा इन्शुरन्स वेगळा काढावा लागतो.

उन्हाळ्यात ताडोब्याकडे गाडीने जाणारे पण असतात, धाडसी लोक. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभा केलेला काळा बॉक्स म्हणजे भट्टी. कॅमेरा आणि बॅटऱ्या सावलीत, आपल्याबरोबर.

८. पोचल्यावर लगेच उघडू नका

समोर धुक्यात धबधबा आणि आपल्याला घाई. पण आधी हात पुसा, बाही पुसा, केसांतलं पाणी झटका, बॅग बाहेरून कोरडी करा. पॅक केलेल्या कॅमेऱ्यात पाणी जातं ते जास्त करून उघडतानाच, आपल्याच कोपरावरून. मग एकदा बॉडीवरची, लेन्सवरची दिसणारी स्क्रूची डोकी बघून घ्या, चष्म्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर बरोबर असू द्या. ट्रायपॉडच्या प्लेटचा स्क्रू तर सैल झालेला असतोच.

लॉजवर एसी असेल तर कॅमेरा एसीत उघडा ठेवू नका. सकाळी तो गार कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत नेला की लेन्सवर घाम, पुसला तरी परत, कारण काच गार आहे. झिपलॉकमध्ये बंद करूनच बाहेर आणा आणि अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या, घाम पिशवीला बाहेरून येईल. भिगवणला जानेवारीत पहाटे जाणाऱ्यांना हे उलट्या बाजूने भोगावं लागतं, गाडीवर गारठलेला कॅमेरा चहाच्या वाफेने भरलेल्या टपरीत उघडला की झालं. तिथे बॅग बंदच राहू द्या, होडीत बसल्यावर उघडा.

जेजुरीला सोमवतीला जाणार असाल तर वेगळंच प्रकरण. भंडारा सगळीकडे जातो, बॅगेच्या चेनमध्ये, लेन्सच्या रिंगमध्ये, पुढे महिनाभर निघत राहतो. लेन्स तिथे बदलायचीच नाही. एकच लावून जा, आणि परत निघताना बॅगेत ठेवायच्या आधी मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने अजिबात नको, हळद आहे ती.

९. घरी आल्यावर

दमलेलो असतो, बॅग कोपऱ्यात टाकून झोपावंसं वाटतं. बाकी काही नका करू पण बॅगेतून सगळं बाहेर काढून, पुसून, पंख्याखाली ठेवून मग झोपा. ओल्या फोममध्ये कोंडून राहिलेली लेन्स म्हणजे बुरशीला आमंत्रण, कोकणातून आल्यावर तर दोन आठवड्यांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसायला लागतात आणि त्या साफ करायचा खर्च ऐकला की माणूस नवीन लेन्सच घेतो. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) असेल तर उत्तम, ४० ते ५० टक्के आर्द्रता. नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, पिठाचा असतो तसला, त्यात ताजी सिलिका जेल आणि बाजारात मिळतो तो छोटा आर्द्रता मीटर. सॅक उन्हात उलटी करून दोन दिवस, योगा मॅटचे तुकडे दोरीवर. आणि पट्ट्यांची टेप काढून टाकू नका, पुढच्या रविवारी परत लागणारच आहे.